दिव्याखालची तुळस

दिपेशने ट्रे उचलला आणि थेट पुतळाआत्याच्या नाकासमोर धरला. पानं कडेने पिवळी पडलेली, मधे तेवढी हिरवी, आणि खालची तर हात लावला की गळत होती. हा काय प्रकार आहे ते तूच सांग, असं त्याने तिला विचारलं. आत्या बिचारी काय सांगणार? ती म्हणाली, "आजारी परलीय रे तुलस." झालं, दिपेशचं डोकंच फिरलं. तुळस नाही, बेसिल आहे, हॉटेलवाले पिझ्झ्यावर घालतात, किती वेळा सांगू, असं ओरडून त्याने ट्रे टेबलावर असा आदळला की त्यातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, माझ्या अंगावर उडालं. मी बाजूला बसून चांगली पानं निवडून डब्यांत भरत होते. भुसा झटकला आणि निवडत राहिले. पगार तोच देतो ना मला.

मी शर्मिला. पावणे गावात यांच्या समोरच्याच गल्लीत राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून हे घर बघतेय. गोटीरामदादांची चार मजली इमारत आहे. वर भाडेकरू आणि खाली हे सगळे: दादा, त्यांची बायको जाईबाई, मुलगा दिपेश, सून उज्वला. आणि दादांची बहीण, पुतळाआत्या. मोरीला लागून असलेली मागची खोली तिची. होती.

आत्याचं लग्न दिघ्याला झालं होतं. पोरबाळ झालं नाही म्हणून नवऱ्याने काशी नावाची दुसरी बाई घरात आणली आणि हिला म्हणाला, तूही रहा, थोरली म्हणून. ही नाही राहिली. नेसत्या लुगड्यानिशी निघाली आणि माहेरी येऊन म्हणाली, त्या उंबऱ्यावर आता पाय ठेवणार नाही. नंतर त्याने दोनदा माणसं पाठवली, तरी गेली नाही. गावात बायका तिला सोडलेली म्हणायच्या. ती प्रत्येकीला थांबवून सांगायची, "मना नाय सोडली, मी सोडला त्याला." आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने स्वतःच्या मर्जीने केली, आणि ती तिला कुणाला विसरू द्यायची नव्हती.

बाकी सगळं भावासाठी. गावच्या जमिनी नव्या शहरासाठी सरकारने घेतल्या, बदल्यात साडेबारा टक्के जमिनीचा प्लॉट मिळायची वेळ आली, तेव्हा बहिणीचा हक्क हिने सही करून सोडला. दिपेशला हिनेच वाढवला. जाईबाई बाजारात बसायची आणि हा दिवसभर आत्याच्या कडेवर. हे मी ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

दिपेशच्या नोकऱ्या टिकल्या नाहीत. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने हे काढलं, खोलीतली शेती. लोखंडी रॅक, त्यावर ट्रे, वर एलईडीचे गुलाबी-जांभळे दिवे. उन्हाची गरज नाही, शेताची नाही. शेतं होती तेव्हा एकाने चिखलात पाय घातला नाही, आणि आता खोलीत शेती! हसू येणार नाही तर काय. जागा कुठली घ्यायची, तर आत्याची खोली. तिचं अंथरूण दोन रॅकच्या मधे कोपऱ्यात सरकलं आणि वर ट्रेंना पाणी घालायचं कामही तिलाच लागलं. ती खूश होती हो. पानांचा वास घेतला आणि म्हणाली, ही तर तुळशीची बहीण. तेव्हापासून खोलीत चप्पल घालून यायची नाही. आम्हालाही बाहेर काढायला लावायची.

सुरुवातीला पीक छान आलं. वाशीचं एक मोठं हॉटेल रोज पानं घ्यायला लागलं आणि दिपेश गावात छाती काढून फिरायला लागला. मग पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागली.

आता यात बिघाड कुठे आहे हे शोधायचं कसं? दिपेशने दिवे वर बांधले. मग खाली बांधले. जास्त वेळ लावून बघितले, मग कमी वेळ. कुणी सांगितलं लोह कमी आहे, लोह घातलं. कुणी म्हणालं मॅग्नेशियम, तेही घातलं. भिंग घेऊन पानांच्या मागे किडे शोधले, एक सापडला नाही. पानं काही ऐकेनात. हॉटेलवाल्याने माल परत पाठवला आणि पुन्हा असं झालं तर दुसरीकडून घेईन म्हणाला. त्या दिवसापासून घरात सगळे एकमेकांवर खेकसायला लागले. जाईबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली की नांदणं सोडून आलेल्या बाईचा हात रोज लागतो, झाडं कशी टिकतील. मी म्हटलं, त्याच हाताने तुमचा दिपेश टिकला की. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि नेमकं तेव्हाच उज्वलाला मोबाइलमधल्या दिव्यांच्या ॲपमध्ये दिसलं की संध्याकाळी दिवे मधेच बंद होतात. टायमर लावलेला, तरी बंद. म्हणजे कुणीतरी हाताने बंद करतंय.

दिपेशने आत्याला सगळ्यांसमोर विचारलं. नाही म्हणाली असती तर निभावलं असतं, पण हिला खोटं बोलता कुठे येतंय? दिवेलागणीला झाडं झोपतात, म्हणाली. त्या वेळी झाडाला हात लावायचा नाही, पान खुडायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? आणि यांच्या डोक्यावर तर ढणाढणा दिवे. म्हणून ती देवाजवळ दिवा लावायची, तेवढा वेळ बटण बंद करायची आणि मग परत चालू करायची. एवढंच.

बस्स. सापडला चोर. सगळ्यांना इतकं बरं वाटलं, जणू पानं तेव्हाच हिरवी झाली. जाईबाई म्हणाली, बघ, मी बोलत नव्हते? उज्वला म्हणाली की बिझनेस आहे हा, यांना कळत नाही तर ठेवायचं कशाला त्या रूममध्ये. मग बाहेर आलं की काशीचे दिघ्याहून मागेच दोन फोन येऊन गेले होते. नवरा अंथरुणाला खिळलाय, काशीची कंबर गेलीय, त्याला उचलायला-बसवायला माणूस हवंय. जाईबाईने हे आजवर पोटात ठेवलं होतं. आता काढलं. म्हणाली, शेवटी कुंकू त्याच्याच नावाचं लावते ना, मग म्हातारपणी सेवा करू दे, पुण्य लागेल.

आत्या दादांकडे बघत राहिली. दादा उठले आणि पाण्याची टाकी भरली का बघून येतो म्हणून वर गेले. टाकी सकाळीच भरली होती. सख्खा भाऊ.

मग आत्या दिपेशजवळ गेली. त्याचा हात धरला नाही, नुसती समोर उभी राहिली.

"दिप्या, मना मोरीत झोपव. रॅकखाली झोपव. झाडांना हात लावनार नाय मी. पन त्या उंबऱ्यावर नको धाडू."

"आत्या, नवऱ्याचं घर हाय ते," दिपेश म्हणाला. "जेलमध्ये नाय टाकत तुला."

दुसऱ्याच दिवशी त्याने तिला गाडीत घालून दिघ्याला नेऊन सोडलं. मी पानं निवडत होते. जाताना ती माझ्याकडे बघून हसली, मला हसता आलं नाही. संध्याकाळी तिच्या अंथरुणाच्या जागी नवा रॅक लागला. तो आधीच आणून जिन्याखाली ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

दिवे आता कुणी बंद करत नव्हतं. आणि पानं? पानं पहिल्यापेक्षा जास्त पिवळी पडली.

तेव्हा दिपेशने सानपाड्याहून आतिफला बोलावलं. शेतकी शिकलेला मुलगा, मूळचा रायगडकडचा, असल्या खोलीतल्या शेत्या बघायला जायचा. त्याने दिव्यांकडे नुसतं पाहिलं आणि ते ठीक आहेत म्हणाला. संध्याकाळी थोडा वेळ बंद होते असं दिपेशने मुद्दाम सांगितलं, तर म्हणाला, त्याने काही फरक पडत नाही. मग त्याने मोरीजवळचा निळा ड्रम उघडला. त्यात खत कालवलेलं पाणी असतं, तेच सगळ्या ट्रेंना जातं. पेनासारखं मीटर आत बुडवलं, आकडा बघितला, परत धुऊन बुडवलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"दिपेशभाई, यात मीठ आहे. भरपूर. कोण टाकतंय?"

दिपेश म्हणाला, मीठ कोण कशाला टाकेल. तेवढ्यात जाईबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि कौतुकाने म्हणाली, मीठ कुठलं, ते मासळीचं पाणी आहे. आपल्या दारच्या कढीपत्त्याला काय ती जन्मभर घालत नव्हती? मासळी धुतलेल्या पाण्यावर तो केवढा वाढलाय. मग पोराच्या झाडांना नको? पावसात बाहेर कोण जाईल, म्हणून ती गाळून ड्रममध्येच ओतत होती.

मी कपाळावर हात मारला. पावसाळ्यात बोटी बंद, ताजी मासळी नाही. घरोघरी खारवलेली सुकी मासळीच चालते. तिचं धुतलेलं पाणी म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. आणि ड्रमला खताचाच असा वास की त्यात मासळीचा कुणाला कळणार?

मला वाटलं, आता दिपेश आईवर तुटून पडेल. पण तो हसला. आधी आतिफकडे बघून ओशाळं हसला आणि मग मोकळं. "आये, तू पन ना," म्हणाला. उज्वला हसली. जाईबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, पुतळीने जन्मात ओतलं नसतं हे, ती तर याला तुळस समजायची, तुळशीला मासळीचं पाणी कोण घालेल? म्हणजे आत्याचा काही दोष नव्हता हे कळत होतं त्यांना. ड्रम धुतला, ट्रेंमधून साधं पाणी सोडलं, आणि नवी पानं हिरवीगार यायला लागली.

मी वाट बघितली. आत्याचं नाव कुणी काढेना. शेवटी मीच म्हटलं की आता आत्याला घेऊन या. दिपेश मोबाइलमध्ये बघत राहिला. उज्वलाने नव्या रॅककडे बोट केलं, हा मग कुठे ठेवायचा? जाईबाई म्हणाली की गेली आपल्या घरी, नांदतेय, आता सारखी कशाला उपटायची तिला इकडून तिकडे. इतका संताप आला मला की हातातला डबा तिथेच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत कामाला गेले, ते सोडा.

रविवारी मी दिघ्याला गेले. तिच्यावरचा आळ गेला एवढं तरी तिला कळू दे, असं मनात होतं.

चिंचोळी गल्ली, दोन खोल्या. काशीने दार उघडलं. बाई वाईट नव्हती. बरं झालं ही आली, माझ्याने आता होत नव्हतं, म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. म्हातारा खाटेवर पडलेला. आत्या त्याला कुशीवर वळवत होती. तो तिला बाई म्हणत होता. ही कोण हे त्याला आठवतच नव्हतं, रोज काशीला विचारायचा, ही कामाला किती दिवस आहे. ज्याला आपण सोडला म्हणून ती गावभर सांगत फिरली, त्याच्या ती लक्षातही नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. मीठ, मासळी, ड्रम. तुझा काही दोष नव्हता, आणि ते सगळ्यांना कळलंय, असंही सांगितलं.

मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला लगेच समजलं, मी यायला नको होतं. ती उठली. फळीवरून पिशवी काढली, दोन लुगडी घातली, फणी घातली, देवाचा छोटा फोटो घातला. म्हाताऱ्याच्या अंगावर चादर नीट केली. केसांवर पाण्याचा हात फिरवला आणि दाराकडे येत म्हणाली, "दिप्याने गाडी कुठं लावलीय? गल्लीत शिरत नाय ती."

"आत्या, मी एकटीच आलेय."

"मग कधी येतोय?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. उद्या येईल म्हटलं असतं, तर ती उद्या अशीच पिशवी भरून बसली असती, आणि परवाही. म्हणून सांगितलं, तुझ्या जागी रॅक लावलाय, कुणी येणार नाही.

आत काशी कपबश्या मांडत होती. आत्याने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, तिने काही ऐकलं तर नाही ना म्हणून. मग पिशवी उघडून लुगडी काढली, घडी मोडली होती ती परत घातली आणि फळीवर जिथे होती तिथे ठेवली. फोटो ठेवला. फणी ठेवली. पिशवी खिळ्याला अडकवली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "शर्मिला, घरी सांगू नको हां, मी पिशवी भरली ते."

मी मान हलवली. तेवढ्यात म्हाताऱ्याने हाक मारली, ए बाई, पाणी. ती गेली, त्याच्या मानेखाली हात घालून त्याला उठवलं आणि भांडं त्याच्या तोंडाला लावलं.