चुन्याचा हात

पाहुणे येणार म्हटल्यावर आत्या हातावर हात ठेवून बसते की काय! तिचं जुनं विटांचं घर संग्रहालय म्हणून राखायचं की पाडायचं, ते ठरवायला उद्या समिती यायची होती. घर गेलं तर आपलं माणूसच गेलं, असं तिला वाटे. म्हणून पदर खोचून तिने चुलीमागची काळीकुट्ट भिंत घासघासून काढली आणि वर चुन्याचा हात मारला.

सकाळी भाची आली. घर राखण्यासाठीचे अर्ज, समितीशी बोलणं, सगळं हीच बघायची. तिने कपाळावर हात मारला. "अगं आत्या, काय करून बसलीस! ती काजळी बघायलाच येतायत ते. तीन पिढ्यांचा धूर होता तो!"

"धूर बघायला कोण येतं गं बाई? म्हटलं, चारचौघांत शोभा नको," म्हणत आत्या मटकन खाली बसली. आपल्याच हातांनी घर घालवलं! तिला रडू आवरेना.

समिती आली. भाचीने काही लपवलं नाही. म्हातारे अध्यक्ष भिंतीपुढे थांबले.

"इथे काय होतं, आजी?"

"आई होती," आत्या म्हणाली.

बोलता बोलता तिला डोळा लागल्यासारखं झालं. चुना अजून पुरता वाळला नव्हता. ओलीतून विटा लालसर दिसत होत्या. तिला वाटलं, ओणवी होऊन आई भिंत घासतेय, कानामागे चुन्याचा ठिपका. ती सांगू लागली, "कुणी यायचं म्हटलं की आई हेच करायची. पाहुण्यांची पाठ वळली, चूल पेटली, की भिंत पुन्हा काळी. आई पुन्हा घासायची. जन्मभर तेच." खोलीत ऊन हळूहळू सरकत होतं. कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशी सगळी माणसं हलक्या आवाजात बोलत होती.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "घर राखायचं. भिंतही अशीच, चुन्यासकट. काजळी बऱ्याच घरांत सापडेल, ती घासणारीचा हात कुठे दिसतो?"

भाचीने आत्याला मिठीच मारली.

"फक्त एक सांगतो, आजी. आता हिला कुणी घासायचं नाही. तुम्हीसुद्धा. राहू दे जशी आहे तशी."

आत्या हसली आणि हसता हसताच तिने तोंडावर पदर धरला.

"एवढं आईला कुणीतरी म्हणायला हवं होतं हो."