सैदापेटचा पेला

आमच्या घरात मला 'अर्धा गुंडो' म्हणत. तोंडावर म्हणत, म्हणजे चहाडीचा प्रश्न नव्हता. इंटरचा एक पेपर राहिला तो राहिलाच. टायपिंगची खालची परीक्षा झाली, वरची झाली नाही. मृदंग शिकायला बसलो आणि हात बसायच्या आधी उठलो. माझी विधवा आत्या अन्नपूर्णाबाई ही सगळी यादी आल्यागेल्याला कॉफीबरोबर वाढायची. त्या वेळी माझी बायको सीतालक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. तिचं ते न येणं मला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

म्हणून छप्पन साली, बत्तिसाव्या वर्षी, मी मॅरेथॉनला नाव घातलं. सव्वीस मैल आणि वर तीनशे पंच्याऐंशी यार्ड. ते वरचे यार्ड कोणी आणि कशाला घातले, देव जाणे. नंबर मला नको होता. एक गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखवायची होती, बस.

जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज कंपनीत मी कारकून होतो. पहाटे ट्रिप्लिकेनहून मरीनावर जाऊन धावायचं, अंघोळ करायची आणि मग ऑफिस गाठायचं, असं आठ महिने चाललं. तिथेच राणोजी भेटला. राखीव पोलिसांत कॉन्स्टेबल, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, आमच्याच तंजावरकडचा मराठा. तमिळ मुलखात समुद्राकाठी आपली मराठी बोली कानावर पडल्यावर माणूस थांबतोच. राणोजी अनवाणी धावायचा, मी कॅनव्हासचे बूट घालून. वेग मात्र दोघांचा सारखा, त्यामुळे जोडी जमली. त्यालाही शर्यत पुरी करायची होती. मागच्या वर्षी तो विसाव्या मैलाला बसला होता.

आता पाण्याचं सांगतो, कारण माझं सगळं बरंवाईट पाण्यानेच केलं. आमच्याकडे भांड्याला ओठ लावून पीत नाहीत. मान मागे टाकायची, पेला उंच धरायचा आणि धार थेट घशात सोडायची. ओठ लागला की भांडं उष्टं. आत्याने मला बजावलं होतं, "रस्त्यावरचे पेले दहा जणांच्या तोंडचे असतात. घरचं पाणी ने, आणि वरून पी."

ऑफिसातला नारायणस्वामी सायकलवरून माझ्यासोबत यायला तयार झाला. हँडलला पिशवी, पिशवीत आमचा पितळी तांब्या. धावता धावता वरून पाणी प्यायचा सराव मी महिनाभर केला. पहिले आठ दिवस बनियन भिजला, मग जमलं. मला त्या कसबाचा इतका अभिमान वाटू लागला की मी धावतो कमी आणि पितो जास्त, असं राणोजी म्हणायचा. एकदा मी त्याच्यापुढे न थांबता अर्धा तांब्या घशात ओतून दाखवला.

"छान आहे," तो म्हणाला. "सर्कशीत जावा. शर्यतीत कशास?"

मला राग आला. पोलिसाला यातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणालो.

शर्यत जानेवारीतल्या एका रविवारी होती. आयलंड मैदानावरून साडेपाचला सुटायचं, माउंट रोडने सैदापेट, गिंडी, पल्लावरम आणि त्याच्या थोडं पुढून त्याच रस्त्याने परत. साडेदहाला, म्हणजे पाच तासांनी, शर्यत बंद. आम्ही एकेचाळीस जण होतो. पहिले आठ मैल मला हसू येत होतं इतकं सोपं वाटलं. गार वारा, मोकळा रस्ता, बाजूला राणोजीची पावलं. नवव्या मैलाला मी नारायणस्वामीकडून तांब्या घेतला, मान मागे टाकली आणि ऐटीत धार सोडली.

वरून पिताना क्षणभर श्वास धरावा लागतो. मरीनावर मी कधी सहा-सात मैलांपुढे धावलोच नव्हतो, तेव्हा तो धरता येत होता. इथे छाती भात्यासारखी चाललेली. पाणी नाकात गेलं, घशात गेलं, श्वासनलिकेत गेलं, पोटात तेवढं गेलं नाही. खोकून खोकून डोळे बाहेर यायची वेळ आली. राणोजी थांबून पाठ चोळत म्हणाला, "ओठ लावून प्या हो. तांब्या तुमचाच आहे, कोण बघतंय?"

कोणी बघत नव्हतं, हे खरंच होतं. पण चारशे वेळा केलेली गोष्ट एकदा मोडवत नाही. मी तांब्या परत दिला आणि म्हटलं, पुढे पिऊ. पुढे, अकराव्या मैलाच्या आसपास, नारायणस्वामीच्या सायकलची चेन तुटली. तो सायकल ढकलत मागे राहिला आणि माझं पाणी त्याच्याबरोबर राहिलं.

रस्त्यात दर दोन-तीन मैलांवर बादल्या ठेवल्या होत्या, त्यांवर इनॅमलचे पेले. धावणारे येत, पेला बुडवत, ओठ लावून पीत, तोच पेला पुन्हा बादलीत टाकत. मी बघत बघत पुढे जात होतो. राणोजी प्रत्येक बादलीपाशी प्यायला. दोनदा तो म्हणाला, "गुंडोराव, पाणी." दोनदा मी मान हलवली. दहा मैल मी थेंबभरही न पिता धावलो. त्याचा मला अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकतो. मूर्खाला शिंगं नसतात.

परत येताना सैदापेटच्या पुलावर ऊन तापलं आणि माझे पाय कोणा दुसऱ्याचे झाले. घाम थांबला होता. नदी तिरकी दिसत होती. एकविसावा मैल. पूल संपला तिथे बादली होती आणि तिच्या तळाशी फक्त एक पेलाभर पाणी उरलं होतं. बादलीपाशी बसलेला माणूस तमिळमध्ये म्हणाला की गाडी येईल, कधी येईल ते माहीत नाही.

राणोजीने पेला भरून तोंडाला लावला. मी कठड्याला धरून उभा होतो. तो पीत असताना माझ्या तोंडून निघालं, "मज द्या."

त्याने लगेच पेला खाली घेतला. अर्धा उरला होता. त्याच्या मिशीचं पाणी पेल्याच्या काठावर होतं. मी पेला दोन्ही हातांनी धरला, ओठ लावले आणि लहान मुलासारखा प्यालो. इतकं गोड पाणी मी त्याआधी प्यालो नव्हतो, नंतरही नाही. एका मिनिटात पुलाचा कठडा सरळ झाला.

"चला," राणोजी म्हणाला.

आम्ही निघालो. तेनामपेटची बादली पालथी पडलेली होती. तिथून थोडं पुढे, तेविसाव्या मैलाच्या सुमारास, राणोजी एकदम लंगडला आणि फुटपाथवर बसला. पोटरीत गोळा आला होता. मी दाबून पाहिलं, दगडासारखी पोटरी. चोळली की सुटायची, उभा राहिला की पुन्हा चढायची. समोरच्या दुकानातलं घड्याळ पावणेदहा दाखवत होतं. तीन मैल आणि ते फुकटचे यार्ड राहिले होते. रखडत धावलो तरी मी वेळेत पोचलो असतो. तो नसता पोचला.

"जावा तुम्ही," तो म्हणाला.

मी "येतो मग" म्हणालो आणि गेलो. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं, हे मला नीट ठाऊक होतं.

चार तास एकावन्न मिनिटं. एकोणीस जणांनी शर्यत पुरी केली, त्यात मी एकोणिसावा. सही-शिक्क्याचा कागद मिळाला. घरी आत्याने तो दोनदा वाचायला लावला, आपल्या हाताने भिंतीवर टांगला आणि विचारलं, "पाणी कोठलं प्यालास?"

"तांब्यातलं," मी म्हणालो.

संध्याकाळी शेजारचे आले. आत्याने यादी वाढली नाही, कागद दाखवला. सीतालक्ष्मी कॉफी घेऊन स्वतः बाहेर आली आणि खांबापाशी उभी राहिली, सगळ्यांच्या देखत. आठ वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं आणि मला तिच्याकडे बघवेना. पायात चपला घातल्या आणि पोलीस लाइनीत गेलो.

राणोजी खोलीबाहेर पाय पसरून बसला होता. त्याची बायको तुळजा पोटरीला कोमट तिळेल चोळत होती. मला बघून तो खरंच खूश झाला. "पुरी केलांत नव्हे? सांगितलं होतं मी हिला." तुळजाने कॉफी आणली. मी ओठ लावून प्यालो. त्याने काही लक्षात आलं असं दाखवलं नाही.

मी विचारलं, "तुम्ही अर्धं पाणी मज का दिलंत? पुरं प्याला असतांत तर गोळा आला नसता."

"मागितलांत म्हणून दिलं," तो म्हणाला. "मागितल्यावर काय करायचं असतं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी पाणी मागितलं होतं, त्याने मात्र मला थांबा म्हणून काही मागितलं नव्हतं, आणि एवढ्याच आधारावर मी तीन मैल धावलो होतो. घरी येताना त्या तीन मैलांची मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. घरी मी आत्याला पाण्याचं खरं सांगितलं. तिने मला विहिरीवर अंघोळीला धाडलं आणि दोन दिवस अबोला धरला. कागद मात्र उतरवला नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघांनी पुन्हा नाव घातलं. या खेपेला मी प्रत्येक बादलीपाशी थांबलो, कोणाच्याही मागून, कोणत्याही पेल्याने प्यालो. राणोजीला वेग सापडला होता, गिंडीनंतर मी त्याला पुढे धाडलं. त्याने शर्यत पुरी केली, सातवा आला. मीही चांगला धावत होतो. परतीच्या वाटेवर अठराव्या मैलाला, मीनंबाक्कम मागे टाकल्यावर, एक अनोळखी पोरगेला माणूस रस्त्याकडेला बसून ओकत होता. मी थांबलो. त्याला सावलीत ओढलं, पाणी आणून घोटघोट पाजलं. त्याने दोनदा हाताने मला जायची खूण केली. शर्यतीची गाडी आम्हाला उचलायला आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

घरी आत्या दारातच उभी होती. माझ्या हातात कागद नाही हे तिने लांबूनच पाहिलं.

"परत अर्धंच?" ती म्हणाली.

"होय आत्या," मी म्हणालो, "अर्धंच," आणि पाय धुवायला मागे गेलो.