आत्याला आलेले निरोप

तपासणीवाल्या बाई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पोचल्या तेव्हा दारावरच्या माणसाने आधी विचारलं, "मीटर बघायला आलात?"

बाईंचं काम लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बघण्याचं. चोराच्या आधी चोरवाटा हुडकायच्या आणि मालकाला दाखवायच्या. परवानगीचं पत्र त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवत. एकदा एका कारखान्यात ते गाडीत राहिलं होतं आणि पहारेकऱ्याने त्यांना दोन तास भांडारघरात कोंडलं होतं. तेव्हापासूनची सवय.

साहेबांनी पत्रावर सही ठोकली. "बघा हवं तेवढं. काही सापडायचं नाही. आमचे अण्णा आहेत ना."

अण्णा सव्वीस वर्षं या इमारतीत तारा ओढत आले होते. कुठली तार कुठल्या भिंतीत जाते हे त्यांना पाठ होतं. कागदावर मात्र कुठेच नव्हतं. ते बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, घरात झडती चालू असताना घरधनी बसतो तसे.

"शिरा," ते म्हणाले. "मी आडवा येत नाही."

बाईंनी लॅपटॉप तारेला जोडला आणि नुसतं ऐकत बसल्या. इथे अजून जुनी पद्धत चालू होती. त्या पद्धतीत एका कॉम्प्युटरला दुसरा हवा असला, की तो सगळ्या इमारतीला हाळी देतो: अमका कुठे आहे? जो 'मी इथे' म्हणेल त्याच्यावर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो. ही पद्धत निघाली तेव्हा सगळे एकाच खोलीत बसायचे, त्यामुळे खोटं बोलणार कोण, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

दर बारा मिनिटांनी पंपघरातून एक हाळी येत होती: आत्या कुठे आहे? तिला ओ कुणीच देत नव्हतं.

"अण्णा, आत्या कोण?"

अण्णांनी खिडकीकडे पाहिलं. "ती गेली."

"कधी?"

"आठ वर्षं झाली. छत गळलं, पाणी थेट तिच्या अंगावर. मीच भंगारात दिली."

"वाईट झालं," बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मग अण्णांनी खुलासा केला. आत्या हा कॉम्प्युटर. घरातली प्रत्येक बातमी आधी आत्याच्या कानावर जाते, म्हणून ज्याच्याकडे सगळे निरोप जमायचे त्याला हे नाव. पंपघरातला कॉम्प्युटर ही तिची भाची. नावं त्यांनीच ठेवली होती.

"मग भाची तिला अजून हाका का मारतेय?"

"तिला कुणी सांगितलं नसेल," अण्णा म्हणाले. मग थांबून, "म्हणजे मीच सांगायला हवं होतं."

बाईंनी गळ्यातलं पत्र पुन्हा वाचलं. चौथ्या कलमात होतं: खोटं उत्तर देऊन पाहण्यास हरकत नाही, मात्र कुठेही काही बदलू नये. पुढच्या हाळीला त्यांच्या लॅपटॉपने ओ दिली. मीच आत्या.

भाचीने इकडेतिकडे न बघता आपलं नाव सांगितलं आणि पासवर्डचा ठसा, म्हणजे त्याचं गुंतवून लपवलेलं रूप, पुढे केला. तो ठसा उलगडायला चार मिनिटं लागली. पासवर्ड होता 'pani1'.

"शेवटी आकडा आहे," अण्णा म्हणाले. "आकडा हवा असं परिपत्रक होतं."

एवढ्यावर बाईंचं काम झालं होतं. चोरवाट सापडली, ती दाखवता येत होती. पण आठ वर्षं इतक्या नेमाने हाका मारणाऱ्या भाचीला सांगायचं तरी काय आहे, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी लॅपटॉपवर भाचीला हव्या त्या नावाचा एक रिकामा कप्पा उघडून ठेवला आणि पुन्हा ओ दिली.

कप्प्यात धडाधड निरोप पडायला लागले. एकूण एकसष्ट. पहिले तीन जुने, किरकोळ. उरलेले अठ्ठावन्न गेल्या एकोणीस दिवसांतले, आणि सगळ्यांत मजकूर एकच: टाकी क्रमांक तीन, क्लोरीन कमी.

अण्णांनी उभ्याने वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"ही टाकी आमच्या आळीची," ते म्हणाले.

दोघं पंपघरात गेले. पंपवाला पडद्यासमोरच होता.

"याच्यावर काही दिसत नाही का हो?" बाईंनी विचारलं.

"एक चौकट येते मधून मधून. 'निरोप पोचला नाही, पुन्हा पाठवत आहे.' मी 'ठीक आहे' दाबतो."

"काय निरोप, ते नाही बघितलं?"

"ती स्वतःच म्हणते ना, पुन्हा पाठवतेय म्हणून."

पाण्याचा नमुना तर रोज घेतला जात होता. पण तो टाकी क्रमांक एकच्या नळाचा, कारण तो नळ प्रयोगशाळेच्या दाराशीच होता. आता तीनच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं व्हायला हवं होतं. पाच माणसं नळीकडे टक लावून उभी राहिली. पाणी काही पिवळं झालं नाही.

साहेब धापा टाकत आले. "बाई, हे तुमच्या कामात बसतं का?"

"नाही बसत," बाई म्हणाल्या. "टाकी बंद करा."

टाकी बंद झाली. क्लोरीनची नळी खडे धरून बुजली होती, ती चाळीस मिनिटांत बदलली. पाणी उकळून प्या म्हणून सांगत भोंग्याची गाडी फिरायला लागली. ती आपल्या आळीत पोचायच्या आत अण्णांनी बायकोला फोन लावला. आवाज शेजारी उभ्या बाईंनाही ऐकू येत होता.

"पाणी उकळून घे."

"पंधरा दिवस उकळतेच आहे. औषधाचा वास येईना पाण्याला. तुम्हाला म्हटलं, तर तुम्ही काय म्हणालात? पाणीपुरवठ्यात मी आहे की तू?"

"बरं," अण्णा म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

आळीतली सात-आठ माणसं पोटाच्या तक्रारीने दवाखान्यात जाऊन आली होती, असं नंतर कळलं. सगळी बरी झाली. ते ऐकेपर्यंत अण्णांना घास गोड लागला नाही.

चौथ्या दिवशी बाईंनी अहवाल आणला. अण्णांनी तो बोट ठेवून वाचला आणि एका ओळीशी थांबले.

"'जुना कॉम्प्युटर काढताना त्यावर कोण अवलंबून आहे हे पाहिलं गेलं नाही.' हे 'पाहिलं गेलं नाही' काय? मी पाहिलं नाही. तसं लिहा."

"अहवालात माणसांची नावं घालत नाही आम्ही."

"मग हुद्दा घाला."

बाईंनी हुद्दा घातला. साहेबांनी ती ओळ वाचली, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. शेवटी पुन्हा काढून स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं: 'आणि मी विचारलं नाही.' मग सही केली.

दोन महिन्यांनी बाई फेरतपासणीला आल्या. निरोप आता तिघांच्या फोनवर जात होते आणि पंपघरात घंटा बसली होती. ती 'ठीक आहे' दाबून थांबत नसे. हाळी देण्याची पद्धत बारापैकी अकरा ठिकाणी बंद होती.

"बारावा?"

"प्रिंटर. त्याला दुसरी भाषाच येत नाही," अण्णा म्हणाले. "सगळ्यांपासून तोडून कोपऱ्यात एकटा ठेवलाय. छापायचं असेल त्याने पेनड्राइव्ह घ्यायचा, उठून तिथपर्यंत जायचं."

बाई उठून तिथपर्यंत गेल्या. त्याच्या मागे एकच तार होती, भिंतीतल्या विजेकडे जाणारी. तरी त्यांनी ती बोटाने शेवटपर्यंत तपासली.