भोजराजवाले, उतरा!

सांगितलं तर कोणाला पटायचं नाही, पण साकोलीच्या हमरस्त्यावर एसटी एका माणसाच्या नावावर थांबते. देवळाच्या नाही, नाक्याच्या नाही, माणसाच्या. "चला, भोजराजवाले उतरा!" म्हणत कंडक्टर दोरी ओढतो आणि गाठोडी सावरत निम्मी गाडी रिकामी होते. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, नाव अजून रोज हाकारलं जातं. खोटं वाटत असेल तर त्याच्या घरच्या, कुंताबाई, इथंच ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या आहेत, त्यांना विचारा.

भोजराज आंधळगावचा कोष्टी. चौऱ्याहत्तर साली लुगड्यांना उठाव राहिला नाही, तेव्हा एका हंगामापुरता म्हणून तो साकोलीत मोतीलालशेठच्या कापडदुकानात लागला. बाजार सगळा आत गावात, आणि शेठचं दुकान एकटंच हमरस्त्यावर. मागे धानाच्या बांध्या, पुढे पळसाची झाडं. शेठनं त्याला दारातल्या बाकावर बसवलं. "तू फक्त आवाज देत जा, बाबू."

आवाज तरी कसा! नागझिऱ्याचा वाघ एकदा रस्ता ओलांडता ओलांडता ती हाक ऐकून थबकला, म्हणतात, आणि धोतरजोडीचा भाव विचारून गेला.

मग धावती एसटी थांबायला कितीसा वेळ? आधी एक थांबली, मग सगळ्याच. उतरलेल्यांना चहा हवा, म्हणून देवाजीची टपरी आली. टपरीमागून सायकलवाला, खतवाला, चपलांचं दुकान, फोटो स्टुडिओ. पाच-सहा वर्षांत आतला बाजार बिऱ्हाड उचलल्यासारखा रस्त्यावर येऊन बसला. नव्या सुनांना सासवा सांगू लागल्या, "भोजराजपासी उतरजो, पुढं जाशीन त चुकशीन."

एकदा तो तापानं फणफणला. बाक रिकामा. गाडी दुकानावरून सरळ पुढच्या गावापर्यंत गेली, आणि बाया डोक्यावर गाठोडी घेऊन त्याला शिव्या देत परत आल्या. दुसऱ्या दिवशी देवाजीनं त्याला घोंगडी पांघरून बाकावर आणून बसवलं.

हंगाम संपला, पण सुटका काही झाली नाही. सणावाराला दोन दिवस घरी, की तिसऱ्या दिवशी बाकावर. बसल्या बसल्या त्याचे पाय खाली-वर होत, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबल्यासारखे. गिऱ्हाइकाला वाटे, माणसाला मुंग्या आल्या.

ब्याऐंशी साली कुंताबाईंचा निरोप आला. धाकटा दीर खेमराज मागाच्या खोलीत किराणा दुकान टाकणार होता. विणकरांची सोसायटी सूत द्यायला तयार होती, सुताच्या कांड्या भरायला कुंताबाई होत्या, पण मागावर बसणारा माणूस नव्हता. सोमवारच्या सांजेपर्यंत धनी आले तर माग राहील. नाही तर निघेल.

भोजराज शेठकडे गेला. "शेठ, मी घरी चाललो. आता कायमचा."

"जा ना बाबू, तुले कोन अडवते?" शेठ म्हणाला. "फक्त ह्यायले सांगून जा."

दारात देवाजी, सायकलवाला, खतवाला सगळे उभे होते.

"अबे भोजराज, तू गेला त गाडी कोनापासी थांबन?" देवाजीनं विचारलं.

"खांब गाडा एक."

"खांब का हाक मारते बे? लेकराबाळाइचं दुकान आहे आमचं. आमच्या पोटावर पाय देऊन जातं का?"

"अन् माह्या मागाचं काय?"

देवाजीनं चहा पुढं केला; त्याचे पैसे त्यानं कधीच घेतले नव्हते. तीच तर पंचाईत! वैऱ्याला लाथ मारून निघता येतं, चहा पाजणाऱ्याला काय मारायचं?

तरी सोमवारी सकाळी भोजराज पिशवी काखोटीला मारून भंडाऱ्याच्या गाडीत चढला. आता खरी मजा पुढं आहे.

कंडक्टरनं आरोळी दिली, "भोजराजवाले उतरा!" कोणी हलेना. एक म्हातारी म्हणाली, "भोजराज त गाडीतच बसला. मंग आमी कायले उतरू?" कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली. गाडी निघाली. भंडाऱ्याला भोजराज उतरला, सगळे उतरले. तो आंधळगावच्या गाडीत बसला, सगळे टपावरसुद्धा चढले. मागून देवाजी पेटता स्टो हातात घेऊन धावत, त्याच्यामागे चपलांचं दुकान, फोटो स्टुडिओ! सांज होता होता आंधळगावात अख्खी साकोली उतरली, आणि पुढं भोजराज, वरातीतल्या नवरदेवासारखा, थेट मागाच्या खोलीकडे...

"भाऊजी, पुरे."

सूप खाली ठेवून कुंताबाईंनी मला अडवलं. "कायले खोटं सांगता? ते नाही आले. त्या दिवशी मी सडकेवर उभी होती ना. सांजची गाडी आली, थांबली. कोनीच नाही उतरलं. सकाळी खेमराजभाऊजीनं माग काढला, अन् मागाचा खड्डा मी माह्या हातानं बुजवला."