मधला दगड

सुट्टीच्या आदल्या दिवशी अल्विन क्वाइलो परसातला भट्टीचा खड्डा साफ करत होता आणि त्याची मुलगी व्हर्ली पायरीवर बसून रताळी धूत होती. ऑस्ट्रेलिया डेला त्यांच्या घरचं जेवण जमिनीतच शिजायचं. खाली तापलेले दगड, त्यांवर केळीच्या पानांत गुंडाळलेलं डुकराचं मांस, सुरण, रताळी, आणि वरून माती.

"पपा, एक दगड कमी दिसतोय."

"मधला. ब्रेटला दिला."

व्हर्लीचे हात थांबले. तो काळा दगड तिच्या पणजोबांचा होता. पॅसिफिक समुद्रातल्या मलायटा बेटावरून त्यांना जहाजात कोंडून आणलं आणि हॅलोरनच्या उसाच्या मळ्यात जुंपलं. विस्तवात न फुटणारा दगड त्यांनी इथल्या नदीत किती दिवस शोधला होता, ते घरात दरवर्षी सांगितलं जायचं.

"चौकातल्या नव्या स्मारकात बसवणार आहेत," अल्विन म्हणाला. "वर आजोबांचं नाव. ब्रेटनं शब्द दिलाय."

"मळेवाल्या हॅलोरनांचा शब्द?"

"अगं, शाळेपासून एका टीममध्ये खेळलोय आम्ही. डेप्युटी मेयर झाला म्हणून काय परका झाला?"

"आणि नावाखाली काय लिहिणार? 'इथं कामाला आले'?"

"व्हर्ली, उद्या तो शब्द काढायचा नाही हं. आपल्याला याच गावात राहायचंय."

तो शब्द म्हणजे गुलाम. अल्विन तो घरात, दार लावून म्हणायचा. ब्रिस्बेनच्या कॉलेजात शिकवणाऱ्या व्हर्लीनं तो पुस्तकांतून असंख्य वेळा वाचला होता, पण या गावात तो तिच्या ओठांवर कधी आला नव्हता.

"मधल्या दगडाशिवाय शिजेल?"

"एका दगडावाचून काही अडत नाही. तू रताळी नीट धू. दाताखाली माती आली तर तुझी आत्या माझं डोकं खाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भट्टी बुजवून दोघं चौकात गेली. अल्विननं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बँड वाजला, ब्रेटनं स्मारकावर पांघरलेला झेंडा ओढून बाजूला केला. खाली ब्राँझची पाटी होती: 'हे गाव उभारणाऱ्या हॅलोरन कुटुंबाच्या व इतर आद्य वसाहतकऱ्यांच्या स्मरणार्थ.' काळा दगड अगदी तळाशी, सिमेंटमध्ये लिंपलेला.

अल्विननं पाटी शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून. लोक टाळ्या वाजवत होते. त्यानंही वाजवल्या. ते व्हर्लीला बघवलं नाही.

"काय लेका, झकास दिसतोय ना तुझा दगड?" ब्रेट त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "नावाचं म्हणशील तर कमिटी ऐकेना. एकाचं घातलं की सगळेच मागणार."

"दिसतोय खरा," अल्विन म्हणाला.

घरी येऊन तो शर्ट न बदलता भट्टीशेजारच्या खुर्चीत बसला. व्हर्लीनं चहा आणून दिला.

"पपा, उघडायची का?"

"थोडं थांब."

ती वाढायला केळीची पानं घेऊन परत आली तेव्हा चहा त्याच्या मांडीवर सांडला होता आणि त्याचं त्याला काही नव्हतं.

संध्याकाळी त्याचा देह घेऊन गेल्यावर परस माणसांनी भरलं. "अन्न मातीत सोडू नये," म्हणत आत्यानं भट्टी उघडायला लावली. कडेचं सगळं शिजलं होतं. मधला सुरण कच्चाच होता.

तेवढ्यात ब्रेट आला. हॅट हातात, डोळे ओले.

"आपलाच माणूस होता गं तो," तो व्हर्लीला म्हणाला. "कधी तक्रार नाही. त्याचे आजोबा इथं कामाला आले, आणि बघ, गावानं कसं..."

आत्यानं सवयीनं व्हर्लीचा कोपर दाबला. व्हर्लीनं तो हलकेच सोडवून घेतला. जन्मभर ती या माणसाला ब्रेटकाका म्हणत आली होती.

"आमचा दगड परत आणून द्या, मिस्टर हॅलोरन," ती म्हणाली. "माझे पणजोबा कामाला आले नव्हते. त्यांना पळवून आणलं होतं. तुमच्या मळ्यावर ते गुलाम होते."


आणि कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून तिनं पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हटलं, "गुलाम."