घरी सुया नसतात

माझ्या मुलीला माझ्यापेक्षा एक नर्स जास्त आवडते, हे कळायला मला दोन दिवसही लागले नाहीत. वॉर्डातली पोरं तिला ठिपकेताई म्हणायची. तिच्याकडे प्रत्येक मुलासाठी एक कागद असायचा, त्यावर माणसाचं साधं चित्र. सुई जिथे टोचली तिथे मुलानं स्वतः रंगीत ठिपका काढायचा, म्हणजे पुढची सुई त्याच जागी पडत नाही. एवढीशी गोष्ट. पण माझी सात वर्षांची कार्टी, जी घरी नखं कापायची म्हटली की पलंगाखाली शिरते, ती तिच्यासमोर फ्रॉक वर करून "आज इथे" म्हणत पोट पुढे करायची. हूं नाही की चूं नाही. मी आपली स्टुलावर, पाण्याची बाटली धरून, शोभेला.

मुलीला मधुमेह निघाला होता. लहान मुलांना होतो तो, जन्मभराचा. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचायचं, बोटातून रक्त काढून साखर बघायची, मग जेवायचं. मी खरं तर त्या आजारावर चिडायला हवं होतं. पण आजार समोर येऊन उभा राहत नाही. ठिपकेताई राहायची, तीही हसत.

"तिच्याकडून शीक की जरा," नवरा म्हणाला. त्याला भेटायच्या वेळेत अर्धा तास येऊन शहाणपण सांगायला काय जातंय! सासूबाईंना मीच फोन लावून दिला, तर नातीशी बोलून झाल्यावर मला म्हणतात, "अगं, ती नर्स भारी गोड दिसतेय. पोरगी सारखं तिचंच सांगत होती." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच दुपारी मुलगी मला म्हणाली, "आई, आपण इथेच राहू या का?"

"का गं?"

"ताई इथे असते ना."

मी तिच्या केसांतून फणी फिरवत होते. फणी थांबली आणि तोंड सुटलं. "इथे सुया असतात, राणी. घरी सुया नसतात. आईकडे कुणी टोचत नाही." ती एकदम वळून मला बिलगली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पुढचे चार दिवस मी संत्र्याला टोचायला शिकले. इन्सुलिनचं पेन धरायचं, आकडा फिरवायचा, टोचून दहापर्यंत मोजायचं. ठिपकेताई शेजारी उभी राहून शिकवायची आणि मी मुलीला दिसू नये म्हणून पाठ करून बसायचे. "तिला बघू द्या ना," ती म्हणायची. मी म्हणायचे, "हात थरथरतो हो." हात अजिबात थरथरत नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "दुपारचा डोस आईनं द्यायचा. नीट दिलात तर उद्या घरी." जेवणाचं ताट यायच्या आधी ठिपकेताई पेन घेऊन आली आणि मुलीजवळ बसून म्हणाली, "आज आई टोचणार हं. घरी पण आईच टोचेल."

मुलगी हसली. "घरी सुया नसतात. आईनं सांगितलंय."

ठिपकेताईनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता वाजवणार माझे बारा, आणि तेही पोरीसमोर. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्हीच सांगा."

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

"म्हणूनच. मी सांगितलं तर मी खरी आणि तुम्ही खोट्या. आणि घरी मी नसणार."

मी पलंगावर बसले. म्हणाले, "मी खोटं बोलले. घरी पण सुई आहे. रोज आहे. उद्या, परवा, शाळा सुरू झाल्यावर, मोठी झालीस तरी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मान वळवून ठिपकेताईला म्हणाली, "खरं?" त्या क्षणीसुद्धा मला झोंबलंच. तिची आई मी, आणि खात्री करून घ्यायची ती हिच्याकडून!

"आईला विचार," ठिपकेताई म्हणाली.

"खरं आहे," मी म्हणाले.

मग जे सुरू झालं! तिनं मला बुक्के मारले, चावली, उशी फेकली. "खोटारडी! तू घाण आहेस! मला नकोस तू!" समोरच्या पलंगावरची आजी जपमाळ ओढायची सोडून आमच्याकडे टक लावून बसली. मी पोरीला मांडीवर ओढलं, एका हातानं कवळून धरलं आणि दुसऱ्या हातानं टोचलं. तिनं असा टाहो फोडला की दाराशी दोन नर्सा धावत आल्या. मी मोजत राहिले, दहापर्यंत. सुई बाहेर काढली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती. माझा खांदा शेंबडानं भिजला. ज्या आईवर ती ओरडत होती, तिलाच तिनं विळखा घातला होता.

"ताट आलंय, आता खाऊन घ्यायचं," मी म्हणाले. ती मानेनंच नाही म्हणाली, पण तोंड उघडलं. मी घास भरवला.

ठिपकेताई अजून तिथेच उभी होती. मला वाटलं, आता माझं चुकलेलं दाखवील.

"आठ दिवसांत माझ्यापाशी एकदाही रडली नाही ही," ती म्हणाली.

"म्हणजे चांगलंच की."

"माझी लेक पाच वर्षांची आहे. दिवसभर शेजारच्या काकूंकडे असते. पडली, खरचटलं, की त्यांच्या गळ्यात पडून रडते. मी घरी गेले की छान हसते. पाहुण्यांसमोर हसावं तशी."

बोलताना ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मानेभोवतीच्या त्या दोन हातांकडे बघत होती. ती नजर मला चांगली माहीत होती. आठ दिवस मीच तिच्याकडे तसं बघत होते.

माणुसकी म्हणून मुलीला क्षणभर तिच्याकडे द्यायला हवं होतं. मला ते कळतही होतं. मी दिली नाही. उलट आणखी घट्ट धरली.