सिंधूबाईंच्या अंगठ्याखालचा एमपीथ्री

मला खुशाल भंगार म्हणा, पण आधी ऐकून घ्या. मी एक जुना एमपीथ्री बोलतोय. काड्यापेटीएवढा जीव, अंगावर पाच बटणं आणि पाठीवर नखाएवढा स्पीकर. माझ्यात इंटरनेट नाही, फोटो निघत नाही, कुणाचा फोन येत नाही. पोटात जे भराल तेवढंच बोलतो आणि बोलताना मधे जाहिरात घुसडत नाही. आजकाल हे किती जणांना जमतं?

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. जाण आली ती हिंगोलीत, एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात, काचेमागे. तिथून कुरुंद्याच्या शिवहारनं मला घेतलं. तीन वर्षं त्याच्या खिशात राहून मी ट्रॅक्टरच्या आवाजाशी भांडत गाणी म्हटली. मग त्याच्याकडे मोठा फोन आला आणि माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण माणसांनीच केलेली आहे, मी नाही.

शिवहारची आई म्हणजे सिंधूबाई. श्रावणात देवळात पोथी वाचायचा मान गावात त्यांचा होता. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले आणि पोथी दुसरीच्या हातात गेली. अंगणात बाया हळकुंडं निवडायला बसल्या की त्यांना म्हणू लागल्या, तुम्ही आराम करा. माणसं आराम करा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बाजूला सरका असंच म्हणत असतात. सिंधूबाईंना ते कळत होतं. त्या दिवसभर खाटेवर बसून पदराचं टोक पिळत राहायच्या.

हिंगोलीच्या एका वाचनालयात बोलकी पुस्तकं मिळतात, हे त्यांच्या सुनेला, अंजलीला, कुठूनसं कळलं. तिनं मला डब्यातून काढलं, फुंकर मारली, आणि सासू-सून मला घेऊन एसटीनं निघाल्या. वाचनालयातल्या देविदासभाऊंनी सभासद व्हायचा फॉर्म भरला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अंगठा न्हाई देणार," सिंधूबाई म्हणाल्या. "माझं बोट जागेवर ठेवा. सही करते."

सही केली. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं, पण झाली.

आता खरी परीक्षा माझी होती. देविदासभाऊंनी दोनदा पुस्तक माझ्या पोटात भरलं आणि दोन्ही वेळा मी मुका राहिलो. त्यांच्या कॉम्प्युटरमधली नव्या धाटणीची फाईल मला समजतच नव्हती. हे लई जुनं झालं, मोबाइल घ्या, असं ते म्हणाले. सिंधूबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. शेवटी देविदासभाऊंनी ते पुस्तक माझ्या जुन्या भाषेत उतरवलं. बारा प्रकरणं, बारा फाईली. पंधरा दिवसांनी मला परत आणायचं, मग हे पुसून दुसरं भरून मिळेल, असा वाचनालयाचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी अंगणात बाया जमल्या होत्या. सिंधूबाईंनी मला मध्ये ठेवलं. पूर्णेच्या काठच्या एका नावाड्याची गोष्ट होती. पहिलं प्रकरण झकास झालं. आणि मग माझी फजिती झाली, ती लपवत नाही. मी आकडे मोठे-लहान बघत नाही, त्यांचा पहिला अंक बघतो; एकानं सुरू होणारे सगळे आधी. म्हणून एकानंतर मी दहा, अकरा, बारा लावले आणि मग दोन. रेकॉर्डिंगमधली वाचणारी बाई प्रकरणाचा आकडा सांगत नव्हती. नावाडी पुरात बुडून मेला, त्याचं तेरावं झालं, आणि लगेच त्याला लग्नाची हळद लागली.

शेजारच्या मंजुळाबाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "मेलेल्याला हळद लावून राहिले गं. काहून ऐकायचं असलं?"

सिंधूबाईंचा चेहरा उतरला. वाटलं, मी परत डब्यात जाणार आणि या परत खाटेवर. पण त्या रागावल्या, आणि राग आला की ही बाई कामाला लागते. तीन दिवस त्यांनी मला कानाशी धरून सगळं पुस्तक ऐकलं, थांबवून, मागे नेऊन. चौथ्या दिवशी बायांना बोलावणं धाडलं.

"आपल्या पोथीची पानं सुटी ऱ्हातात," त्या म्हणाल्या. "एकदा वाऱ्यानं समदी उडाली व्हती. आकडे कसरीनं खाल्लेले. म्या अर्थावरून लावली व्हती, ध्यानात हाय का? हे बी तसंच हाय. गोष्ट बराबर हाय, पानं विस्कटली."

मग त्यांनी पहिलं प्रकरण लावलं आणि ते संपायच्या बेतात असतानाच पुढचं बटण चार वेळा दाबलं. नावाड्याची हळद त्याच्या जिवंतपणी लागली. नवव्यानंतर मी फिरून पहिल्यावर आलो, तेव्हा एकदा दाबून त्यांनी दहावं धरलं. आठवडाभर हळकुंडं निवडत बाया ऐकत होत्या. नावाडी बुडाला त्या दिवशी मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि सुपातलं काम तसंच राहिलं.

काल शिवहार आईसाठी नवा मोबाइल घेऊन आला. मनानं चांगला आहे तो, पण म्हणाला, "आये, ते भंगार टाक आता. लोक हसतेत."

सिंधूबाईंनी फोनवरून अंगठा फिरवला. सगळं गुळगुळीत, कुठे काही लागेना.

"डोळे मिट," त्या म्हणाल्या. "आता यात गोष्ट लावून दाव मला."

शिवहारनं डोळे मिटले. काचेवर बोट फिरवत राहिला. एकदा टॉर्च लागला, एकदा भलत्यालाच फोन गेला. सिंधूबाईंनी मला पदरातून काढलं, एक बटण दाबलं, मग चार वेळा दुसरं. अंगणात नावाड्याची वरात वाजू लागली.

संध्याकाळी शिवहार माझ्यासाठी चार्जिंगची नवी वायर घेऊन आला.

आज माझं झाकण रबरानं बांधलेलं आहे आणि पुढचं बटण झिजून खोलगट झालंय. त्या खळग्यात सिंधूबाईंचा अंगठा न चाचपता जाऊन बसतो. उद्या पंधरावा दिवस. हिंगोलीला जाऊन हे पुस्तक पुसलं जाईल आणि नवं भरलं जाईल. नावाडी माझ्या पोटातून जाईल, कुरुंद्यातून जाणार नाही. मंजुळाबाईंनी आत्ताच विचारून ठेवलंय, पुढचं कोणतं आणणार.

तेव्हा मला फेकायची घाई ज्याला असेल, त्यानं जरूर यावं. फक्त यायच्या आधी डोळे मिटून यावं.